न फोडलेल्या पुड्यात मुंग्या शिरतात कुठून आणि त्यावर खरंच काय चालतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की न फोडलेल्या बिस्किटच्या पुड्यात मुंग्या निघतात, फरसाणच्या पिशवीला रबर लावून ठेवलं तरी निघतात, डब्यात टाकलं तरी झाकण काढलं की आत फिरतायत, स्प्रे झाला, खडू झाला, चार दिवस बरं वाटतं आणि मग आधी फक्त ओट्याजवळ होत्या त्या आता देवघराच्या बाजूने पण यायला लागल्या, तर मुंग्या प्लास्टिक कुरतडतात का आणि नेमकं कुठलं औषध मारू. मी ठाणे-कल्याण पट्ट्यात पेस्ट कंट्रोलचं काम बरीच वर्षं करतोय, पावसाळा तोंडावर आला की हाच प्रश्न जवळजवळ रोज येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. औषधाचं नंतर बोलू. कारण तुमच्याकडचा घोळ औषधाचा कमी आणि झाकणांचा जास्त आहे, आणि झाकणं नीट झाल्याशिवाय औषध पण लागू पडत नाही, ते का ते पुढे येईलच.

आधी कुरतडण्याचं. सहसा नाही कुरतडत. धान्यातल्या किड्यांचे ढोबळ दोन प्रकार असतात, एक स्वतः पिशवी पोखरणारे आणि दुसरे असलेल्या भोकातून आत शिरणारे. हळदीच्या नाहीतर धण्याच्या बंद पिशवीला बारीक गोल भोकं पडलेली कधी बघितली असतील, ते काम छोट्या तपकिरी भुंग्याचं, तो खरंच पोखरतो. मुंगी दुसऱ्या प्रकारातली. तिला भोक पाडायची गरजच पडत नाही कारण आपल्या घरातल्या पाकिटांना भोकं आधीच असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. घरात फिरणारी सगळ्यात बारीक मुंगी दीड मिलिमीटरच्या आसपास लांब असते, डोकं त्याहून कितीतरी अरुंद, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची फट तिला आरामात पुरते. एक अपवाद आहे, फिकट पिवळट-तपकिरी अंगाची आणि मागचं पोट गडद असलेली एक मुंगी असते जी वायरचं आवरण, रबर, कापड असलं सगळं चावून ठेवते, ती पातळ पिशवीला भोक पाडू शकते. पण घरोघरी जे दिसतं त्यात बहुतेक वेळा कुरतडणं वगैरे काही नसतं.

आता एक बिस्किटचा पुडा हातात घ्या आणि उजेडात धरून नीट बघा. पाठीमागे एक उभी शिवण असते आणि दोन्ही टोकांना नागमोडी दाबलेलं सील. जिथे ती उभी शिवण टोकाच्या सीलमध्ये घुसते ना, तिथे बघा. बाकी सगळीकडे प्लास्टिकचे दोन थर एकमेकांवर दाबलेले असतात, पण त्या जागी शिवणीची घडी आत येते त्यामुळे थर जास्त होतात, आणि जाड थराच्या अगदी कडेला दाब नीट बसत नाही, एक केसाएवढी नळी राहते. मशीन नीट लावलेलं असेल तर ती बुजते, नाहीतर राहते. दुसरी जागा म्हणजे सील करताना मध्ये चुरा किंवा साखरेचा कण अडकला तर, आणि तिसरी म्हणजे सीलवर तिरकी सुरकुती पडली असेल तर. ती सुरकुती हे सरळ बाहेरून आतपर्यंतचं बोगद्यासारखं तोंड असतं.

खात्री करायची तर बादलीत पाणी घ्या, पुडा पूर्ण बुडवा आणि हाताने हलकेच दाबा. बारीक बुडबुड्यांची रेघ जिथून निघेल तिथे गळती. कंपन्यांमध्ये पण सील तपासायला हीच पद्धत वापरतात, फक्त त्यांच्याकडे त्यासाठी मशीन असतं. घरात आणलेला प्रत्येक पुडा काय बुडवत बसायचं नाही, पण एकदा करून बघा म्हणजे पटेल की हवाबंद दिसणारं सगळंच हवाबंद नसतं. सील फॅक्टरीतून चांगलं आलं तरी गोणीत दाबून, टेम्पोत आपटून, दुकानात खिळ्याला अडकवून ते सैल होतंच. आणि फरसाणवाल्याकडून येणारी स्टेपल मारलेली पिशवी तर बोलूच नका, प्रत्येक पिनेला दोन भोकं, शिवाय पिनांच्या मधली सगळी कड उघडी.

आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. पुड्याच्या बाहेरच्या बाजूला गोड चिकटलेलं असतं. दुकानात साखरेच्या, गुळाच्या शेजारी ठेवलेल्या पाकिटांवर बारीक साखर बसते, गुळाच्या ढेपेचा पाक लागतो, आणि आपण ते तसंच घरी आणून मांडणीवर ठेवतो. खाणं शोधत फिरणाऱ्या दोन-चार मुंग्यांना ते पुरतं, त्या परत जाताना वासाची रेघ ओढत जातात, मग त्या रेघेवरून बाकीच्या येतात, आणि इतक्या जणी पाकिटावर फिरायला लागल्या की एखादीला ती फट सापडणारच. त्यामुळे सामान आणलं की ओल्या फडक्याने पुसून मग आत ठेवायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते याने जेवढा फरक पडतो तेवढा खडूने पडत नाही.

फोडलेल्या पाकिटाचं तर सरळ आहे, रबर लावणं म्हणजे बंद करणं नाही. रबराखाली प्लास्टिकच्या चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे एक वाट. कपड्याचा चिमटा लावलात तर थोडं बरं, तोंड दोन-तीनदा सपाट दुमडून मग चिमटा, पण ते पण एखाद्या संध्याकाळपुरतंच. झिपवाली पिशवी चांगली, फक्त तिच्या खाचेत शेवेचा चुरा अडकला असेल तर झिप लागल्यासारखी वाटते आणि लागत नाही, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांना. म्हणून फोडलेली वस्तू पाकिटासकट डब्यात. आता डबा कुठला हा खरा मुद्दा.

स्टीलचा डबा आहे म्हणून मुंग्या जाणार नाहीत असं काही नसतं. जुने जाड पत्र्याचे डबे होते त्यांची झाकणं दाबून बसायची, उघडताना आवाज यायचा. आता पत्रा पातळ, एकदा ओट्यावरून पडला की तोंड किंचित लंबगोल होतं, झाकण बसतं पण एका बाजूला कागद सरकेल एवढी फट राहते. टेस्ट एकदम सोपी, डब्यात अर्धं पाणी भरा, झाकण लावा आणि सिंकवर उलटा धरा. पाणी टपकलं तर त्या डब्यात डाळ ठेवा, पोहे ठेवा, पण साखर, गूळ, बिस्किटं, लाडू ठेवू नका. घरातले सगळे डबे असे एकदा उलटे करून बघा आणि न गळणाऱ्या डब्यांच्या बुडाला खूण करून ठेवा, दिवाळीच्या वेळी फराळ कुठल्या डब्यात भरायचा हा प्रश्नच राहत नाही.

फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांचा घोळ वेगळाच आहे. झाकण कितीही आवळा, आट्यांच्या मध्ये जागा असतेच, आणि आटे म्हणजे मुंगीसाठी बरणीभोवती गोल फिरत वर जाणारा रस्ता, ती त्या खाचेतून चालत चालत बरोबर तोंडापाशी पोचते. तिला अडवते ती फक्त झाकणाच्या आतल्या बाजूची रबरासारखी गोल रिंग, जी काचेच्या कडेवर दाबून बसते. जॅम-लोणच्याच्या काचेच्या बाटल्यांना ती असते म्हणून त्या चांगल्या, पण झाकण गंजलं किंवा रिंग तुटली की संपलं. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या बरण्यांना बऱ्याचदा रिंग नसतेच, त्या साखरेला वापरू नका. बरणी घेताना झाकण उलटं करून आत बोट फिरवून बघायचं, रिंग लागली तर घ्यायची. आणि घरी आल्यावर ती रिंग काढून महिन्यातून एकदा धुवायची, कारण तिच्या मागे साखर साठते आणि मग मुंग्या बरणीत नाही तर झाकणातच मुक्काम करतात.

ज्याला चांगला डबा मिळत नाही किंवा वस्तू मोठी आहे, म्हणजे मिठाईचा बॉक्स, केक, साखरांब्याची मोठी बरणी, त्यासाठी जुना उपाय अजून पण एक नंबर आहे, परातीत पाणी आणि मध्ये वस्तू. आपल्या आजीच्या वेळी दुभत्याच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या असायच्या, तत्त्व तेच. पण यात लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे पाणी तसंच दोन-तीन दिवस ठेवलं की त्यावर धूळ आणि फोडणीच्या वाफेतलं तेल बसून साय धरल्यासारखा थर होतो आणि बारीक मुंग्या त्यावरून चालत जातात. पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका, मग त्या तरंगू शकत नाहीत, बुडतात, आणि पाणी रोज बदला. दुसरं म्हणजे परात भिंतीला लागलेली चालेल पण आतली वस्तू भिंतीला, पडद्याला, वायरला, कशालाही टेकलेली नको. फ्रीजवर ठेवलेल्या केकच्या बॉक्सची सुतळी परातीबाहेर लोंबत होती आणि सगळी रांग सुतळीवरून, असं पण बघितलंय.

आता येऊ औषधावर, पण आधी मुंगी कुठली ते बघा. तुमच्या वर्णनावरून डोकं काळपट आणि मागचं अंग पांढुरकं, जवळजवळ दिसतच नाही इतकी बारीक, वाकडीतिकडी पळणारी, ही असावी. चिरडली की खोबऱ्यासारखा विचित्र वास येतो. ही गोडावर मरते आणि ओलाव्याच्या जागी राहते, सिंकखाली, टाइलच्या मागे, खिडकीतल्या कुंडीत. दुसरी तशीच बारीक पण अख्खी पिवळसर, ती उबेच्या जागी, स्विचबोर्डात, फ्रीजच्या मोटरजवळ, आणि ती गोड पण खाते, तेलकट पण खाते. या दोन्ही जातींमध्ये एका वसाहतीत एक राणी नसते, पुष्कळ असतात. बाहेर आपल्याला दिसतात त्या रांगेतल्या मुंग्या म्हणजे एकूण गर्दीतल्या थोड्याच.

आणि इथेच स्प्रेची गोची आहे. बाजारातले बहुतेक स्प्रे आणि खडू एकाच घराण्यातले, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे. समोरच्या मुंग्या मरतात, मागच्यांना त्याचा त्रास जाणवतो आणि त्या ती जागा टाळतात. ज्या वसाहतीत पुष्कळ राण्या आहेत तिथे असा धक्का बसला की एक गट अंडी-पिल्लं उचलून दुसरीकडे नवीन घर करतो. म्हणजे तुम्ही ओट्याजवळ मारलंत आणि आठवड्याने देवघराजवळ निघाल्या, त्या नवीन मुंग्या नव्हत्या, तुमच्याच होत्या, तुम्हीच वाटणी करून दिलीत. शिवाय खाण्याच्या मांडणीवर खडूच्या रेघा ओढणं मला अजिबात पसंत नाही, ती पावडर हाताला लागते, डब्याच्या बुडाला लागते, लहान मुलं तो खडू पाटीवरचा समजून उचलतात. डांबरगोळ्या तर किराणाच्या कपाटात कधीच नको, त्यांची वाफ पातळ प्लास्टिकमधून आत जाते आणि बिस्किटाला वास लागतो, आणि ती वाफ पोटात जायची वस्तू नाही.

मग काय करायचं, तर मुंग्यांना मारायचं नाही, जेवायला घालायचं. केमिस्टकडे बोरिक पावडर मिळते. अर्धा लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम साखर, म्हणजे पोह्याचे चारेक चमचे, आणि बोरिक पावडर ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. म्हणजे साखर १० टक्के आणि बोरिक १ टक्का. इथे लोक हात सैल सोडतात, चमच्याऐवजी चार चमचे टाकतात, जास्त टाकलं की लवकर मरतील म्हणून. अहो लवकर मरायलाच नको आहेत. पूर्ण वाढलेली मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही, ती पातळ पिऊन पोटात साठवते आणि घरी जाऊन तोंडातोंडी बाकीच्यांना, पिल्लांना, राणीला पाजते. वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचणार नाही, आणि फार कडक झालं तर तोंडच लावणार नाहीत. झुरळांचं जेल मुंग्यांना घालायचं नाही ते पण याच कारणासाठी, आपल्याकडे मिळणाऱ्या झुरळाच्या एका जेलमध्ये इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असतं, मुंग्यांसाठी ते फारच जड आहे.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून त्यावर हे पाणी घाला आणि रांगेच्या बाजूला ठेवा, खाण्यापासून लांब, सिंकच्या मागे किंवा खिडकीच्या कट्ट्यावर. पहिल्या दिवशी गर्दी अशी होईल की घरातले ओरडतील, ओरडू द्या, गर्दी झाली म्हणजे काम चाललंय. त्या झाकणाजवळ स्प्रे नाही, फिनाईल नाही, रांग पुसायची पण नाही. दोन दिवसांनी पाणी उडून ते घट्ट होतं म्हणजे औषधाचं प्रमाण वाढतं, म्हणून फेकून नवीन घाला. आठवड्यात फरक दिसतो, पिवळ्या मुंगीला तीन आठवडे पण लागतात, धीर धरा. उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून कुलुपात ठेवा, दिसायला ते साधं पाणी आहे. रांगत्या वयाचं बाळ, मांजर, कुत्रं घरात असेल तर झाकण त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवूच नका.

आता सुरुवातीला म्हटलं ते, झाकणं आधी का. घरात शेवेची पिशवी उघडी, साखरेची बरणी गळकी, ट्रॉलीच्या चॅनलमध्ये चुरा, आणि कोपऱ्यात तुमचं साखरपाणी, तर मुंगी साखरपाण्याकडे कशाला जाईल? तिला चॉइस ठेवायचा नाही. म्हणून क्रम असा की एक दिवस मांडणी रिकामी करा, ट्रॉल्या बाहेर काढून खालचे चॅनल पुसा, सगळी पाकिटं पुसून न गळणाऱ्या डब्यात घाला, साबणाच्या पाण्याने जुन्या रेघा पुसा, आणि मगच आमिष ठेवा. हालचाल थांबल्यावर फटी बुजवायच्या, आधी नाही, नाहीतर त्या दुसरीकडून वाट काढतात. कडप्पा जिथे भिंतीत जातो ती कड, ओटा आणि टाइलचा सांधा, गॅसची नळी भिंतीतून येते ते भोक, तिथे पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरा. स्विचबोर्डात काही भरू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लाल चावऱ्या मुंग्यांना हे साखरपाणी फारसं चालत नाही, त्यांना तेलकट आणि दाणे आवडतात, तीळ, शेंगदाणे, सुकट. त्यांचं घर बहुतेक बाहेर असतं, अंगणात, पेव्हरच्या फटीत, ते शोधून उकळतं पाणी ओतलं की बऱ्याचदा भागतं, फक्त झाडाच्या मुळाशी नको. मोठे काळे मुंगळे खिडकीतून एकटे-दुकटे येतात, त्यांना बाहेर टाका, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप नको.

लवंगांचं सगळे विचारतात. साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकल्या तर वासाने मुंग्या थोड्या बिचकतात हे खरं आहे, पण डबा चांगला असेल तर लवंगांची गरज नाही आणि गळका असेल तर वास उडाला की परत तेच. हळदीची रेघ पण तशीच, फॅन लावला की विस्कटते. करायचं तर करा, नुकसान काही नाही.

ज्या वस्तूत मुंग्या आधीच गेल्यात त्याचं काय. साखर, रवा वगैरे ताटात पसरून उन्हात ठेवा, त्या स्वतः निघून जातात, मग चाळून घ्या आणि शिऱ्याला, चहाला म्हणजे उकळण्याच्या कामाला वापरा. बिस्किटं, खारी, फरसाण यातून निवडत बसू नका, टाकून द्या, मुंगी गटारातून, बाथरूमच्या जाळीतून, मेलेल्या झुरळावरून फिरून आलेली असते आणि पिवळ्या मुंग्यांच्या अंगावर हॉस्पिटलमध्ये साल्मोनेलासारखे जंतू सापडलेले आहेत. मुंगी खाल्ली की डोळे चांगले होतात हे आपल्याला लहानपणी गप्प बसवायला सांगायचे. सुका मेवा महाग म्हणून टाकवत नसेल तर बंद पिशवीत रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मुंग्या मरतात, मग झटकून, भाजून वापरा. दुधाची पावडर आणि बाळाचं खाणं मात्र कुठल्याही परिस्थितीत वाचवायचं नाही.

कंपनीकडे तक्रार करू का असं पण विचारलंय तुम्ही. घरातल्या बाकीच्या वस्तूंत पण मुंग्या असतील तर त्यात अर्थ नाही, ते आपल्याच घरून गेल्या असंच म्हणतील आणि बहुतेक ते खरं असेल. पण दुकानातून आणल्या आणल्या न फोडता बाहेरूनच मुंग्या दिसल्या तर आधी पुड्याचा फोटो, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो, बिल जपून ठेवा, आणि पुडा उघडायचाच झाला तर टोकाकडून फाडू नका, मधून आडवा कापा, म्हणजे दोन्ही टोकांची सीलं शाबूत राहतात आणि सुटलेली जागा समोरच्याला दाखवता येते.